गवंडीसाहेबांचं क्रियापद

गवंडीसाहेब कुठलीही वस्तू आपलीशी करण्याआधी तिला बोटाच्या पेरानं ठोकून बघत. विटा तर ठोकतच, तो त्यांचा धंदाच होता. पण बाजारातलं कलिंगड, पाण्याचा माठ, बसायची खुर्ची, दाराची फळी, काहीच त्यातून सुटत नसे. मान किंचित तिरपी करायची, एक डोळा मिटायचा, आणि आवाज पसंत पडला की म्हणायचं, “हाय.” गावच्या बोलीतलं ‘आहे’. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या हातात मराठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक होतं. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि मग त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर टकटक केलं. आवाज फारसा पसंत पडला नसावा, कारण ते काहीच बोलले नाहीत.

साठच्या दशकातली ही गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं एकेक कारखाना उभा राहत होता. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. दिघ्याजवळच्या एका कारखान्यात पोलाद वितळवायची भट्टी बांधायची होती आणि तिच्या आतलं विटांचं अस्तर लावायला युरोपातून एक कारागीर आला होता. साहेब म्हणजे टोपी घालून लांबून बोट दाखवणारा माणूस, एवढंच आमच्या लोकांना माहीत. हा साहेब गुडघे टेकून, हातात थापी घेऊन, स्वतः वीट लावत होता. धर्मा नावाचा दिघ्याचा गवंडी त्यांच्या हाताखाली होता. त्यानंच पहिल्या आठवड्यात त्यांचं ‘गवंडीसाहेब’ असं बारसं केलं.

कारखान्याच्या ऑफिसात मात्र त्यांना ‘जर्मन साहेब’ म्हणत. ते लक्झेंबर्गचे होते. जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम यांच्या मधल्या बेचक्यात बसलेला हा एवढासा देश. गवंडीसाहेब एरवी शांत माणूस, पण ‘जर्मन’ शब्द कानावर पडला की हातातलं काम खाली ठेवत आणि सांगत, “नॉट जर्मन. लक्झेंबर्ग.” समोरचा माणूस आदरानं मान डोलवी आणि विचारी, “हो, हो. पण म्हणजे जर्मनीतच ना?” ते पुन्हा सांगत. दिवसातून कितीही वेळा, त्याच आवाजात, त्याच शब्दांत. मला वाटे, माणूस जरा हट्टी आहे. शिपायानं जर्मन म्हटलं काय आणि लक्झेंबर्ग म्हटलं काय, याचं काय बिघडतं?

मी तिथल्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होतो. कारखान्याच्या मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं, “मास्तर, साहेबांना थोडं मराठी शिकवा. कामगारांना ‘हळू’ आणि ‘लवकर’ एवढं सांगता आलं तरी पुरे.” ‘हळू’ ते पहिल्याच दिवशी शिकले. ‘लवकर’ हा शब्द त्यांनी वहीत उतरवून घेतला, पण तो वापरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. नव्या भट्टीचं अस्तर सुकवायला मंद जाळ किती तरी दिवस धरून ठेवावा लागतो. मॅनेजर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत आणि गवंडीसाहेब पेटीवर बसून शांतपणे म्हणत, “पानी अजून आत हाय. हळू.”

हे ‘पानी’ आणि हे ‘हाय’ माझं नव्हे. कंपनीनं त्यांना ठाण्यात बंगला देऊ केला होता. कामावर चालत जाता आलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी तो नाकारला आणि गावात हिराबाईच्या घराची पडवी भाड्यानं घेतली. हिराबाई आगरी समाजातली, पन्नाशीची विधवा. नवरा हयातीत मिठागरात कामाला होता. तिला इंग्रजीचा गंध नव्हता आणि त्यांना मराठीचा. तरी दोघं संध्याकाळभर बोलत. ती तिच्या बोलीत, ते त्यांच्या. ती निवट्या, म्हणजे खाडीतले छोटे मासे, साफ करता करता जावेची उणीदुणी काढे आणि हे गंभीरपणे मान हलवत. मी आठवड्यातून दोनदा जाऊन कर्ता, कर्म, क्रियापद शिकवी. ते माझ्यादेखत नीट म्हणून दाखवत आणि मी उंबरठा ओलांडला की हिराबाईचं मराठी बोलू लागत. एकदा मी पडवीत शिरलो तर म्हणाले, “ये मास्तर, बस. पानी पी.”

चुलीपासून हिराबाई ओरडली, “अरे सायबा, मास्तराना ‘बसा’ बोलाचा! त्यो शिकवतो तुला.”

“तू पन शिकवते.”

“मी शिकवतंय त्यो खावाचा. त्यो शिकवतात त्यो लिवाचा.”

तिच्याच घरात एकदा मोठा गोंधळ झाला. मी धड्याला पोचलो तेव्हा गवंडीसाहेब पडवीच्या पायरीवर लालबुंद होऊन बसले होते आणि हिराबाई आत भांडी आपटत होती. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, की ही बाईसुद्धा आता आपल्याला जर्मन म्हणते. आणि तेही काय, तर ‘जर्मन चेपला, जर्मन काळा झाला, जर्मनला घासला पाहिजे’. मी आत जाऊन विचारलं. हिराबाईनं हातातलं अॅल्युमिनियमचं पातेलं माझ्यापुढे धरलं. “यो जर्मन! ह्याला जर्मन नाय तं काय बोलाचा?” आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, हे मी त्यांना समजावलं, तेव्हा ते इतके हसले की खांबाला धरून बसावं लागलं. नंतर कित्येक दिवस ते मुद्दाम विचारत, “हिराबाई, जर्मन कुठं हाय?” आणि ती आतून म्हणे, “चुलीवर. चांगला भाजतो हाय.”

त्या प्रसंगानंतर मी त्यांना सरळच विचारलं. तुमची भाषा आणि जर्मन भाषा यांत एवढा फरक तरी काय? त्यांनी उलट मलाच विचारलं, “तुमच्या ‘देणे’ला किती कामं करावी लागतात?” मी सांगू लागलो. पुस्तक देणे. पण ‘जाऊ दे’ म्हणताना आपण काही देत नाही, फक्त आडवं येत नाही. ‘लिहून दे’ म्हणजे दुसऱ्यासाठी लिहिणं. ‘सोडून दे’ म्हणजे हातातलं कायमचं टाकणं. ते खूश झाले. म्हणाले, “चांगला कामगार आहे. आमच्याकडचा त्याहून जास्त राबतो.” आणि त्यांनी मला त्यांचं क्रियापद सांगितलं: गिन.

गिन म्हणजे देणे. जर्मनांचं ‘गेबेन’, इंग्रजांचं ‘गिव्ह’, यांचंच हे सख्खं भावंड. फार जुन्या काळी सगळ्यांचा शब्द एक होता. प्रत्येकाच्या तोंडात तो वेगवेगळा झिजला आणि मोझेल नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या लोकांच्या तोंडी, मधलं व्यंजन गळून एवढाच उरला. पण झिजताना त्यानं अंगावर कामं ओढून घेतली. जर्मन माणूस ‘होणे’साठी वेगळं क्रियापद वापरतो. यांच्याकडे ‘होणे’सुद्धा गिनच. “एश गिन आल,” ते म्हणाले. “मी म्हातारा होतोय. शब्दाला शब्द ठेवला तर, मी म्हातारा देतोय.” भिंत सुकते, मूल मोठं होतं, दूध आंबट होतं, सगळीकडे गिन. “तुम्हाला वाटतं, माणूस बसल्या बसल्या काहीतरी होतो,” ते म्हणाले. “आमच्या आईला विचाराल, तर काही दिल्याशिवाय कुणी काही होत नाही.”

हे ऐकून मला राहवेना. पुढच्या रविवारी मी मुंबईला एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. लक्झेंबर्गच्या भाषेबद्दल सबंध दुपारभर शोधून एका जाड ग्रंथात एक ओळ सापडली, की ही जर्मनची एक बोली आहे. पण ‘देणे’च्या जुन्या मुळाबद्दल मात्र बरंच काही होतं. काही जाणकार त्या मुळाचं नातं संस्कृतातल्या ‘गभस्ति’ या शब्दाशी जोडतात. वेदांत त्याचा एक अर्थ हात असा आहे. नातं पक्कं नाही, पण नाकारलेलंही नाही. मी दोन्ही गोष्टी त्यांना सांगितल्या. बोलीची ओळ ऐकून त्यांनी खांदे उडवले. हाताबद्दल ऐकलं तेव्हा मात्र त्यांनी आपले दोन्ही तळवे उताणे करून बराच वेळ बघितले. चुन्यानं आणि भट्टीच्या अग्निमातीनं भेगाळलेले हात. मग हिराबाईला हाक मारून म्हणाले, “हिराबाई, मास्तर बोलतो, हा शब्द हात हाय.” ती म्हणाली, “मंग धू त्यो. जेवाला वाढलाय.”

भट्टीची कमान पुरी झाली तो दिवस मला विसरता येत नाही. कमानीत शेवटची वीट बसवायची ती अगदी मधोमध. तिला गवंडी चावी म्हणतात. ती बसली की खालचा लाकडी आधार काढतात आणि मग सगळी कमान तिच्यावर तोलून राहते. ती वीट बसवायचा मान गवंडीसाहेबांनी धर्माला दिला होता. आधार निघाला, कमान जागची हलली नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गवंडीसाहेबांनी वर हात पुरवून ती वीट ठोकली आणि “हाय” म्हणाले. तेवढ्यात त्यांना विटेच्या दर्शनी बाजूवर काहीतरी कोरलेलं दिसलं. मी संध्याकाळच्या धड्यासाठी त्यांना घ्यायला तिथे आलो होतो. मला म्हणाले, “वाच, मास्तर.”

विटेवर धर्माची आणि त्याच्या जोडीदारांची नावं छिन्नीच्या टोकानं कोरलेली होती. त्याखाली, मोठ्या अक्षरांत: जर्मन साहेब.

धर्मा मोठ्या अभिमानानं म्हणाला, “सांगा ना मास्तर सायबाना! भट्टी हाय तवर सायबाचा नाव हाय. मी बोललो, ‘गवंडी’ लिवला तर सायबाची शोभा जाल, म्हनून ऑफिसातला नाव लिवला.”

म्हणजे मानानं लिहिलं होतं. गवंडीसाहेबांनी मला पुन्हा विचारलं आणि मी काय कोरलंय ते सांगितलं. ते वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. माणसं पांगायच्या बेतात होती. कुणीच गेलं नाही. मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, “सांग त्यांना.” ते इंग्रजीत बोलत गेले आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेलो.

लढाईत जर्मन फौजांनी त्यांचा देश घेतला होता. मग हुकूम निघाला, की तुम्ही वेगळे कुणी नाहीच. तुमची भाषा म्हणजे जर्मनच, तुम्ही जर्मनच, आणि जर्मन आहात तर तुमच्या पोरांनी आमच्या सैन्यात भरती व्हायचं. गवंडीसाहेबांचा धाकटा भाऊ तेव्हा विटा लावायला शिकत होता. त्याला न्यायला दोन माणसं आली. आई दारात उभी राहून त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती, की आम्ही जर्मन नाही. आपल्या भाषेत सांगत होती. ते हसून म्हणाले, की बाई, आम्हाला तुझं सगळं कळतंय, म्हणजे तू जर्मनच बोलतेस. भाऊ रशियाच्या बाजूला कुठेतरी गेला. परत आला नाही.

“हिए गोउफ गहोल,” गवंडीसाहेब म्हणाले. इथे त्यांची इंग्रजी संपली होती. म्हणजे, त्याला नेलं गेलं. मला थोडंफार कळू लागलं होतं, म्हणून मी विचारलं, “हे मधलं ‘गोउफ’ कुठलं क्रियापद?” ते म्हणाले, “तेच. गिन. आमच्याकडे कुणाला नेलं, कुणाला मारलं, तरी ‘देणे’च वापरावं लागतं. दुसरं नाही. आई हे वाक्य म्हणायची तेव्हा त्या शब्दाशी अडखळायची. म्हणायची, मी दिलेला नाही.”

हे मी मराठीत कसं सांगितलं ते मला आठवत नाही. फार चांगलं जमलं नसावं. पण धर्मा उठला आणि त्यानं छिन्नी हातात घेतली.

“काढतो मी ती. आत्ताच्या आत्ता काढतो.”

“नाय,” गवंडीसाहेब म्हणाले. “बसलेली वीट काढाची नाय.”

“पन सायब, मना ठाव नव्हता—”

“कमान पडेल. तुझा हात जाईल.” मग म्हणाले, “मी ठोकून बघितली. आवाज चांगला हाय. राहू दे.”

ती वीट तशीच राहिली आणि भट्टी पेटली. त्यानंतर तो माणूस मला कधी हट्टी वाटला नाही.

उद्घाटनाला मॅनेजरांनी मोठा मांडव घातला होता. मुंबईहून पाहुणे आले होते. मी आधीच मॅनेजरांना सांगून ठेवलं होतं, की भाषणात देशाचं नाव नीट घ्या. ते म्हणाले, “अहो मास्तर, जर्मन म्हटलं की गिऱ्हाईक डोळे मिटून ऑर्डर देतं. लक्झेंबर्ग म्हटलं तर त्याला वाटेल, अंगाच्या साबणाचं नाव आहे.” आणि माइकसमोर उभे राहून त्यांनी सुरुवात केली, “खास जर्मनीहून आपल्यासाठी आलेले...”

“जर्मन नाय!” मागून धर्माचा आवाज आला.

मॅनेजरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “जर्मनीतले नामवंत तज्ज्ञ...”

“जर्मन नाय!” आता सगळी मागची रांग ओरडली. मांडवाच्या खांबाला टेकून बायका उभ्या होत्या. त्यांतून हिराबाई म्हणाली, “आवं, माझ्या घरात रातो त्यो! मना इचारा ना. जर्मन माझ्या चुलीवर हाय!” हशा उसळला. पाहुण्यांनी मॅनेजरांच्या कानाशी लागून विचारलं, की मग हे आहेत तरी कुठले. मॅनेजरांनी घाम पुसत माइक सरळ गवंडीसाहेबांच्या हाती दिला.

त्यांनी आधी माइकवर पेरानं टकटक केलं. सगळ्या मांडवात गडगडाट झाला. मग ते आपल्या भाषेतलं आपल्या देशाचं नाव म्हणाले, “लेट्झेबुएर्ग.” एवढंच. नमस्कार केला आणि खाली बसले. इतक्या छोट्या भाषणाला इतक्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. नंतरच्या दुसऱ्या भट्टीचं काम कंपनीनं त्यांना दिलं नाही. त्या टाळ्यांमुळे की आणखी कशामुळे, ते मला ठाऊक नाही.

ते गेले तेव्हा हिराबाईनं सुकटीची पुडी बांधून दिली. धर्मा त्यांचं सामान जीपमध्ये ठेवत होता आणि दर वस्तूनंतर नाक पुसत होता. मी विचारलं, “परत कधी?” गवंडीसाहेब म्हणाले, “भट्टी बिघडली तर बोलवतील.” मग डोंगराखालच्या त्या शेडकडे बघून हसले. “पन चांगली बांधली हाय, मास्तर. नाय बोलवनार.”

तसंच झालं. भट्टी उत्तम चालली. काही वर्षांनी एका सकाळी शाळेच्या वाटेवर मॅनेजरांनी गाडी थांबवली आणि काच खाली करून सांगितलं, की ते आपले साहेब वारले, त्यांच्या कंपनीकडून कळलं. काच वर गेली. मी शाळेत गेलो, दोन तास शिकवले आणि मधल्या सुट्टीत हिराबाईकडे गेलो. ती अंगणात मासळी पसरत होती. तिनं ऐकून घेतलं, हात धुतले आणि पायरीवर बसली. मग विचारलं, “बायको होती क त्याना?”

“नव्हती. भाऊ आधीच गेला. आईही.”

“मंग पान कोन ठेवल?”

पितरांना जेवू घालायचं पान ती म्हणत होती. पितृपक्षात एका सकाळी ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नवं लुगडं, कपाळाला अंगारा. म्हणाली, “मास्तर, त्या गावाचा नाव सांगा मना नीट. आमच्यान पान ठेवताना मानसाचा नाव, गावाचा नाव घेतान. त्या दिवशी मांडवान त्यो बोलला, पन माझ्या ध्यानात नाय रायला. चुकून जर्मन बोलले तं त्यो जेवाचा नाय. त्याचा सवभाव ठाव हाय ना तुमाला.”

मी सांगितलं. तिनं म्हणून बघितलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. आम्ही दोघं तिच्या घराकडे निघालो. वाटेवर ती ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवत होती, जसं मुलं पाढा घोळवतात. मी मधे मधे एखादं अक्षर सावरून देत होतो. घराच्या मागल्या बाजूला, मिठागराकडे तोंड करून, तिनं केळीच्या पानावर भात, वरण, वडे आणि त्यांना आवडायच्या म्हणून निवट्या वाढल्या. पितरांच्या पानावर निवट्या चालतात का, हे मी विचारलं नाही. मग लांबच्या खाचरातल्या माणसाला बोलवावं तशी तोंडाशी हाताची ओंजळ धरून तिनं हाक मारली.

“गवंडी सायबा! लेट्झेबुएर्गच्या सायबा! जेवाला ये रं!”

तिनं तीच हाक आणखी एकदा, अधिक सावकाश मारली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “बरोबर बोलले ना, मास्तर?”

मी म्हणालो, “बरोबर.”